गव्हाच्या सहा बिअर, लेबलं झाकून, आणि माझी झालेली फजिती

फेसाळ (रवि., सकाळी ११.२०)

काल रात्री सहा ग्लास ओळीने मांडून गव्हाच्या बिअरची परीक्षा घेतली. ग्लास भरायचं काम बायकोकडे. ती आतून भरून आणायची, खाली १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या. मी वास घ्यायचा, घोट घ्यायचा, दहापैकी गुण द्यायचे आणि वहीत दोन ओळी खरडायच्या. एकेक ग्लास यायला सात-आठ मिनिटं, मध्ये पाणी. वहीतलं जसंच्या तसं देतो:

१. ढगाळ, फिकट, लिंबूवर्णी. धणे आहेतच, मागे संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. हलकी, किंचित आंबट. बेल्जियन. गुण ७.

२. स्वच्छ, चुणचुणीत, भरपूर गॅस. लवंग पुसट. केळं शोधावं लागतं. गाळून घेतलेली क्रिस्टाल असणार. जरा मुकी. गुण ६.

३. पुन्हा बेल्जियन वळणाची, पण १ पेक्षा गोलाई जास्त. मसाला ओरडत नाही. गुण ८.

४. ओला पुठ्ठा. बाकी काही नाही. गुण २.

५. आहाहा! पिकलेलं केळं, मागून लवंग, ताज्या पावाचा लगदा, तोंडभर. हेफेवायझेन (यीस्टचा गाळ न काढलेली बव्हेरियन गव्हाची बिअर) असावी तर अशी. गुण साडेआठ.

६. काळपट, जड, मनुका, केळं, लवंग, गरम घसा. ही लपणं शक्यच नाही. गुण ८.

मग चिठ्ठ्या उघडल्या. १ हूगार्डन, ३ ॲलागॅश व्हाइट, ६ श्नायडरची आव्हेंटीनुस. ४ ही एका छोट्या ब्रुअरीची अमेरिकन धर्तीची व्हीट होती. नाव देत नाही, कारण बाटली माझ्याच कपाटात किती महिने पडून होती ते मलाच आठवत नाही.

आणि २ व ५? दोन्ही वाइहेनश्टेफानर, म्हणजे बव्हेरियातली हेफेवायझेन. दोन्ही एकाच बाटलीतल्या. बायकोने बाटलीचा वरचा अर्धा भाग २ मध्ये ओतला, बाटली ओट्यावर ठेवली आणि उरलेला अर्धा, तळाच्या गाळासकट, ५ मध्ये. "सहावी बाटली आणायची राहिली होती, म्हटलं बघू तुला कळतंय का." काल रात्रीपासून घरात मला 'क्रिस्टाल' म्हणूनच हाक मारतात.

प्रश्न असा की एकाच बाटलीला सहा आणि साडेआठ कसे? गाळाने एवढा फरक पडतो? की माझी जीभच कामातून गेलीय?

---

कोरडा_घसा (११.४१)

मी पीत नाही, पण तुमच्या सौभाग्यवतींना साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

---

निवळशंख (१२.०५)

"जरा मुकी" म्हणे! क्रिस्टालला कमी लेखण्याची ही सवय जुनीच आहे. गाळ काढला की गव्हाच्या बिअरचा कुरकुरीतपणा वर येतो. ज्याला दाट पेय हवं त्याने खुशाल लापशी प्यावी. २ नंबरला मी ८ दिले असते.

---

किण्वक (१२.३०)

जीभ शाबूत आहे, मांडणी बिघडलीय. पण आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. केळं आणि लवंग गव्हातून येत नाहीत. गव्हाने बिअरला अंग येतं, फेस टिकतो, प्रथिनांमुळे धूसरपणा येतो. बाकी गहू स्वभावाने गरीब. अमेरिकन व्हीटमध्ये गहू बव्हेरियन बिअरइतकाच असू शकतो, तरी केळ्याचा मागमूस नसतो, कारण तिथे साधं एल यीस्ट (उबेत आंबवणारं) वापरतात. केळं म्हणजे आयसोअमिल ॲसिटेट, ते यीस्ट बनवतं. लवंग म्हणजे ४-व्हिनिल ग्वायाकोल, तेही यीस्टच बनवतं, पण त्याला कच्चा माल लागतो, फेरुलिक आम्ल. ते धान्याच्या सालपटातून सुटतं. म्हणून लवंग हवी असेल तर मॅश करताना, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवताना, ४३ ते ४५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं थांबतात. लोकांना वाटतं ही पायरी गव्हासाठी आहे. खरं तर त्यातला बराच हिस्सा सोबतच्या जवाच्या माल्टमधून येतो!

बहुतेक एल यीस्टांमध्ये हे आम्ल फोडण्याची ताकद उरलेली नाही. वायझेनच्या यीस्टने ती राखली. घरी मी एकदा एकच वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) दोन डब्यांत वाटून एक १७ अंशांवर, दुसरा २३ वर आंबवला. यीस्ट तेच. पहिला लवंगेकडे झुकला, दुसरा सरळ केळ्याची गोळी. पाहुण्यांना सांगूनही पटेना की दोन्ही एकाच पातेल्यातले.

आता तुमच्या बाटलीकडे. वास देणारी ही द्रव्यं बिअरमध्ये विरघळलेली असतात, गाळात अडकलेली नसतात. म्हणजे वरच्या अर्ध्यातही केळं तितकंच होतं. ते तुमच्या नाकापर्यंत का पोचलं नाही, ते शोधा.

---

फेसाळ (१२.५२)

@किण्वक, म्हणजे यीस्टने केलं, पण यीस्टच्या गाळाने नाही? डोकं गरगरलं. मी तर आजवर सगळ्यांना सांगत आलो की "शेवटचं हलवून ओत, केळं त्यात असतं."

---

किण्वक (१२.५८)

तेच. शिवाय काही ब्रुअऱ्या आंबवण्याचं यीस्ट गाळून काढतात आणि बाटलीत दुसरंच ताजं यीस्ट घालतात, कधी कधी चक्क लागरचं (गारव्यात आंबणाऱ्या बिअरचं). तेव्हा तळाशी जे बसतं ते केळंवालं असेलच असंही नाही.

---

जुनी_पिंपं (दुपारी २.१५)

अवांतर, पण राहवत नाही. तुमचं ते केळं आज ग्लासात आहे ते एका सरदार घराण्याच्या कृपेने. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धतेच्या कायद्यात जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच लिहिलंय, गव्हाचं नाव नाही. मग गव्हाची बिअर टिकली कशी? डेगेनबेर्ग घराण्याला ती बनवण्याचा खास परवाना होता. १६०२ मध्ये त्या घराण्यातला शेवटचा पुरुष निपुत्रिक गेला आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियान पहिल्याकडे आला. त्याने तो धंदा असा वाढवला की बिअरच्या पैशावर दरबार पोसला गेला. कायदा करणारं घराणंही तेच आणि कायद्याबाहेरची मलई खाणारंही तेच!

पुढे गडद आणि मग सोनेरी लागरची चलती झाली, गव्हाची बिअर म्हातारीचं पेय ठरली. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरने राजघराण्याकडून ती बनवण्याचा हक्क मिळवला आणि ती तगली. तुमची ६ नंबरची आव्हेंटीनुस त्याच घरातली, १९०७ पासूनची.

बेल्जियमची गोष्ट याहून लहान आणि जास्त गोड. हूगार्डन गावातली शेवटची विटबिअरची (बेल्जियन गव्हाच्या बिअरची) ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली. पियेर सेलिस नावाचा दूधवाला तरुणपणी शेजारच्या ब्रुअरीत हात लावायला जायचा. त्याने १९६६ मध्ये आठवणीवर ती बिअर पुन्हा उभी केली. १९८५ ला आग लागली, पैशासाठी मोठ्या कंपनीचा हात धरावा लागला, त्यांच्याशी पटलं नाही, तर हा गृहस्थ साठीच्या पुढे अमेरिकेत ऑस्टिनला गेला आणि तिथे नव्याने सुरुवात केली. आज जगात जिथे जिथे धणे आणि संत्र्याची साल घातलेली पांढरी बिअर मिळते, तिचं मूळ त्या एका माणसाच्या आठवणीत आहे.

---

निवळशंख (२.४०)

गोष्ट छान. पण हूगार्डन आज जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीकडे आहे. धाग्यात तिला "क्राफ्ट"च्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या, पंगतीत बसवायचं का?

---

जुनी_पिंपं (२.५५)

मग वाइहेनश्टेफानला पण उठवा पंगतीतून. ती तर बव्हेरिया राज्य सरकारच्या मालकीची. सरकारी कारखान्यातली बिअर क्राफ्ट कशी? ग्लासात काय आहे ते बघू या, मालकाचा सातबारा नको.

---

अर्धाघोट (३.३०)

मी या प्रकारात नवीन. दोन बाळबोध प्रश्न. ढगाळ बिअर म्हणजे हेफेवायझेन असं समजत होते, पण विटबिअरही ढगाळ. डोळे झाकून दोन्ही कशा ओळखायच्या? आणि लिंबाची फोड घालायची की नाही? एका मित्राने घातली तर दुसरा असा दचकला जणू मी चहात मीठ टाकलं.

---

किण्वक (४.०२)

@अर्धाघोट, बाळबोध अजिबात नाहीत. विटमध्ये गहू बहुधा कच्चाच असतो, मोड न आणलेला. म्हणून पिठूळ, किंचित आंबूस, घशात कोरडी होत जाणारी. मसाला बाहेरून घातलेला. जर्मन वायझेनमध्ये गव्हाचं माल्ट निदान ५० टक्के असावंच लागतं आणि मसाला काहीही नाही, जो वाटतो तो यीस्टचा. ओळखायची माझी युक्ती अशी: घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. संत्र्याची साल वर आली तर बेल्जियम, केळं वर आलं तर बव्हेरिया, काहीच आलं नाही आणि हॉप्सची गवती कडवट रेघ राहिली तर अमेरिका.

सगळा गहूच का घालत नाहीत, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आत्ताच: गव्हाला तूस नसतं. जवाच्या तुसाची जाळी बनते आणि त्यातून वर्ट झिरपतो. नुसता गहू घेतला तर तळाला खळ बसते. पोलंडची ग्रोजिस्किए मात्र संपूर्ण गव्हाची, तीही ओकच्या धुरावर वाळवलेल्या. हौस म्हणून मी ती एकदा करायला गेलो. चार तास चमच्याने खळ खरवडत होतो. पुन्हा नाही.

---

निवळशंख (४.१०)

लिंबाचं मी सांगतो. सालीतलं तेल फेस मारतं. गव्हाच्या बिअरची अर्धी मजा त्या टोपीएवढ्या फेसात, आणि आपण तोच मारायचा? क्रिस्टालमध्ये लिंबाची जुनी रीत आहे हे कबूल करतो. अमेरिकेतही विडमर ब्रदर्सने १९८६ मध्ये गाळ न काढलेली व्हीट बाजारात आणली, तिच्यासोबत लिंबू रुळलं. त्या बिअरला ते शोभतं, तिच्यात झाकायला फारसं काही नसतंच. हेफेवायझेनमध्ये घातलं तर केळं आणि लिंबू भांडत बसतात. पण ग्लास तुमचा, लिंबू तुमचं.

---

मोजमाप (सायं. ६.४५)

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाहीये, म्हणून मी मांडतो. २ आणि ५ मध्ये गाळ हा एकच फरक नव्हता.

तापमान: ग्लासाला सात-आठ मिनिटं म्हणजे २ ते ५ या प्रवासात वीसेक मिनिटं तरी बाटली ओट्यावर. फ्रिजमधून ४-५ अंशांवर निघालेली बिअर तेवढ्या वेळात १०-११ वर सहज जाते.

गॅस: अर्धी बाटली उघडी पडली होती. हेफेवायझेनमध्ये गॅस नेहमीच्या बिअरपेक्षा बराच जास्त असतो. तुम्ही २ साठी "चुणचुणीत" लिहिलंय, ५ साठी लिहिलेलं नाही. गॅसचा चटका गोडवा आणि फळं झाकतो.

क्रम: ५ च्या आधी ४ होता. ओल्या पुठ्ठ्यानंतर कोमट पाणीही अमृत लागलं असतं!

आणि गाळ. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय गाळाला. असं नाही चालत. तिरंगी चाचणी करा. तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचं. अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच. चार जणांनी तीन-तीनदा केली तर बारा उत्तरं, नुसत्या नशिबाने चार बरोबर यावीत. आठ आली तर फरक खरोखर कळतोय असं मी मानेन. सात आली तर नाही.

---

फेसाळ (रात्री ९.१०)

@मोजमाप, मान्य. येत्या शनिवारी. बायको आधीच स्टीलचे पेले मोजतेय.

---

किण्वक (९.२५)

पेले धुताना साबण अजिबात राहू देऊ नका, तेलकट बोट तर नाहीच. ओतायच्या आधी गार पाण्याने विसळून ओलेच ठेवा, नाहीतर फेस आवरणार नाही. आणि बाटल्या दोन दिवस आधीपासून उभ्या ठेवा, गाळ नीट बसू दे. ताज्या घ्या. केळं हे सगळ्यात आधी पळून जाणारं पाखरू आहे. जुन्या हेफेवायझेनमध्ये लवंगही ओसरते आणि कधी कधी व्हॅनिलासारखं काहीतरी मागे राहतं. ते वाईट नसतं, पण तुमच्या प्रयोगाचं वाटोळं करेल. तुमच्या ४ नंबरचं जे झालं तो तर सरळ ऑक्सिजनचा मार. ब्रुअरीने कितीही जीव तोडून केली असली तरी कपाटातल्या उकाड्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

---

फेसाळ (पुढचा रवि., दुपारी १२.३०)

झाला प्रयोग. मी, धाकटा भाऊ आणि दोन मित्र. बायको पंच. चार ताज्या बाटल्या, एकाच खोक्यातल्या.

पहिली फेरी, गाळ. दोन बाटल्या एकाच तापमानाच्या, ८ अंश, स्वयंपाकघरातला थर्मामीटर घालून पाहिलं. एक हळुवार ओतून तळचं दोन बोटं सोडून दिलं, दुसरी टेबलावर आडवी घोळवून पूर्ण ओतली. स्टीलचे पेले, डोळ्यांवर रुमाल. बारापैकी आठ बरोबर. म्हणजे मोजमापरावांच्या रेषेवर नेमका पाय.

पण खरी गंमत पुढे आहे. "कशावरून ओळखलं?" असं प्रत्येक वेळी विचारलं. "दाट", "पिठूळ", "जिभेवर साय", भावाने एकदा "कच्चा पाव". बारा उत्तरांत एकदाही केळं नाही. मीही नाही म्हटलं! मी, ज्याने पंधरा वर्षं लोकांना शेवटचा घोट केळ्यासाठी हलवायला लावला.

दुसरी फेरी तापमान. तिरंगी सुरू केली आणि पहिल्याच पेल्याला भाऊ म्हणाला, "अरे हा गार आहे की."

---

मोजमाप (१२.४१)

अरे देवा. माझी चूक. गार-गरम ओठांनाच कळणार, चवीपर्यंत जायची गरजच काय.

---

फेसाळ (१२.५५)

हो, आम्ही अर्धा तास हसत होतो. मग बायकोनेच तोडगा काढला. प्यायचंच नाही. दोन पेले, वर बशी झाकलेली, एक ५ अंशांवर, एक ११ वर, दोन्ही गाळ सोडून ओतलेले. पेल्याला हात लावायचा नाही. ती बशी बाजूला करणार, आपण दोन्ही हुंगायचे आणि कुठल्यात केळं जास्त ते बोट दाखवून सांगायचं. बारापैकी अकरा वेळा ११ अंशांचा. बारावा निर्णय माझाच, आणि मला तेव्हा शिंक आली होती.

तर माझ्या साडेआठ गुणांतलं केळं ओट्यावरच्या वीसेक मिनिटांत आलं होतं. गाळाने फक्त अंग भरलं. गॅसचं अजून पाहिलेलं नाही.

---

अर्धाघोट (दुपारी १.२०)

मग हेफेवायझेन किती गार प्यायची?

---

किण्वक (१.३४)

बाटल्यांवर बहुधा ७-८ अंश सांगतात. मी फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबतो आणि उंच ग्लासात घेतो, म्हणजे पहिला घोट गार लवंगेचा आणि शेवटचा केळ्याचा. एका ग्लासात दोन बिअर. आव्हेंटीनुससारखी ८.२ टक्क्यांची असेल तर आणखी थांबा, दहाच्या वर जाऊ द्या. विटबिअर मात्र थोडी गारच बरी, कोमट झाली की धण्यांना साबणासारखा वास मारू लागतो. आंबट मंडळींचं, बर्लिनर वाइसं आणि गोझंचं, गणित वेगळं आहे. तिथे लॅक्टिक आंबटपणाच राजा, केळ्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

---

निवळशंख (२.०५)

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलीय का? दुसऱ्या फेरीत दोन्ही पेले गाळ सोडून ओतलेले होते. म्हणजे निवळ बिअर. म्हणजे ज्यात अकरा वेळा केळं सापडलं ती दिसायला क्रिस्टालच की! माझ्या बाजूने एवढा भक्कम पुरावा आजवर या संस्थळावर आला नव्हता. धन्यवाद.

---

किण्वक (२.११)

यंत्रातून गाळलेली आणि हाताने निवळ ओतलेली यात फरक आहे, पण आजचा दिवस तुमचा.

---

फेसाळ (२.२०)

@निवळशंख, बायकोने हे वाचलं. माझं 'क्रिस्टाल' हे नाव आता कायम झालंय.

---

कोरडा_घसा (२.४७)

पीत नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. एकच शंका. निवळ ओतताना बाजूला काढलेला तो सगळा गाळ शेवटी कुणी प्यायला?

---

फेसाळ (३.०१)

पंचांनी. म्हणाल्या, केळं लागलं.